दाखला मागून येईल, मुलीला आधी वर्गात बसवा

(मुंबई महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

नमस्कार बाई,

आम्ही दिवाळीनंतर सांगोल्याकडून मुंबईला आलो. मिस्टर सेंट्रिंगच्या कामावर जातात. मोठी मुलगी गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत होती. इथे जवळच्या शाळेत गेले तर म्हणाले, प्रवेश केव्हाच बंद झाले, आधी एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा, आणि आधारवरचं नाव जुळत नाही तेही दुरुस्त करा. गावच्या गुरुजींना फोन केला तर ते म्हणतात, वर्ष संपू दे, मग दाखला देतो. सध्या मुलगी घरी बसून धाकट्याला सांभाळते. काय करू?

— एक आई, भांडुप

ताई, तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. मला काळजी वाटली ती मुलगी धाकट्याला सांभाळते याची. आठ-नऊ वर्षांची पोर घरात एकदा उपयोगी पडायला लागली की तिचं शाळेत नसणं कुणाला खटकत नाही. ‘थोडे दिवस’ म्हणून घरी राहिलेल्या मुली पुढच्या जूनमध्ये परत येतातच असं नाही, हे मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून हा अंक हातात पडेल त्याच आठवड्यात अर्ज द्या.

शाळेने तुम्हाला सांगितलेलं एकही कारण शिक्षण हक्क कायद्यात टिकत नाही. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १५ सांगतं की प्रवेशाची मुदत उलटली म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. उलट जो मुख्याध्यापक दाखला अडवून ठेवतो, त्याच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तुमच्या गुरुजींनाही हे कलम वाचून दाखवायला हरकत नाही. जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश द्यावा लागतो, हे कलम १४ मध्ये आहे. आणि आधारअभावी कोणत्याही मुलाला त्याच्या हक्काच्या गोष्टीपासून दूर ठेवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

मग कायदा एवढा स्वच्छ असताना शाळा अडवतात का? याचं उत्तर पैशात आहे, आणि ते पालकांना कुणी सांगत नाही. शाळेत किती शिक्षक मंजूर व्हायचे ते पटावर, म्हणजे नोंदलेल्या मुलांच्या संख्येवर, ठरतं. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तिसांमागे एक, हे प्रमाण कायद्याच्या परिशिष्टातलं. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, होते आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरण्याचा आग्रह असतो. दुपारच्या आहाराचा तांदूळही हजेरीवर. अनुदानाची पायरीही मुलांच्या संख्येवर. म्हणजे गावच्या गुरुजींना तुमची मुलगी पटावरून गेलेली परवडत नाही, कारण पट घटला की त्यांच्या शाळेतलं शिक्षकाचं एक पद जाऊ शकतं. आणि इथल्या मुख्याध्यापकांना वाटतं, तीस सप्टेंबर उलटून गेला, आता हे मूल घेऊन हिशेबात काही मिळणार नाही, वर एकच नाव दोन शाळांत दिसलं तर चौकशी आपल्यामागे.

ती भीती अगदीच निराधार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुलं फार मोठ्या संख्येने सापडली. त्या मुलांच्या नावावर पदं आणि अनुदानं घेतली गेली होती. सरकारी पैशावर लक्ष ठेवायलाच हवं होतं, त्यानंतर नियम कडक झाले तेही योग्यच. पण खोटी नावं पकडण्यासाठी विणलेल्या जाळ्यात खरी मुलं अडकत असतील, तर ते जाळं सैल करणं अधिकाऱ्यांचं काम आहे. त्याचा भार सांगोल्याहून आलेल्या आईवर टाकता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर नवीन शाळेने विनंती पाठवायची आणि जुन्या शाळेने ती मान्य करायची, एवढीच ही बाब आहे. दोन मुख्याध्यापकांनी संगणकावर आपसांत मिटवायची गोष्ट. तोवर मुलगी वर्गात बसलेली असली पाहिजे.

आता अर्ज. साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे लिहा: मुलीचं नाव, वय, गावच्या शाळेचं नाव, इथे राहायला कधी आलात, आणि ‘दाखला मागून सादर करू, कलम ५ व १५ नुसार तिसरीत प्रवेश द्यावा’. दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. माझा अनुभव असा की निम्म्या शाळांत शिक्का मारायची वेळ आली की प्रवेशाची वाटही सापडते. नाहीच सापडली, तर तुमच्या वॉर्डातल्या महापालिकेच्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडे (शाळा) जा, किंवा त्या भागाच्या विभाग निरीक्षकांना भेटा. शाळेत सगळे त्यांना बीट ऑफिसर म्हणतात.

त्यांच्यासमोर विनवणीच्या सुरात बोलू नका. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहणं, हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं, शाळांच्या कामावर देखरेख करणं ही कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे इथे महापालिकेवर, घातलेली कर्तव्यं आहेत. त्याच्याही कितीतरी आधीपासून, १८८८ च्या महापालिका कायद्यातच, प्राथमिक शाळा चालवणं आणि त्यांना साहाय्य करणं हे पालिकेचं बंधनकारक काम आहे. तुमच्या मुलीची नोंद पालिकेने शोधत यायला हवी होती, तुम्हीच चालत आलात.

तिथेही दाद लागली नाही, तर कलम ३२ खाली महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. करी रोडच्या त्रिवेणी संगम शाळेच्या इमारतीत शिक्षण विभागाचं कार्यालय आहे. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पण तुमच्या बाबतीत तीन महिने फार होतात. म्हणून अर्जात ठळक लिहा की मुलगी सध्या शाळेबाहेर आहे. ‘शाळाबाह्य’ हा शब्द वाचला की कागद टेबलावर पडून राहत नाही.

आणि धाकटा तीन वर्षांचा झाला असेल तर त्याला अंगणवाडीत घाला. नाहीतर प्रवेश मिळूनही मुलगी घरीच राहील.

बाई,

माझी मुलगी पंचवीस टक्क्यांच्या लॉटरीत नंबर लागून खाजगी इंग्रजी शाळेत आहे. आता दुसरीला गेली. शाळा म्हणते सरकारने आमचे पैसे थकवलेत, तुम्ही टर्म फी भरा, नाहीतर निकाल देणार नाही. मी रिक्षा चालवतो. भांडलो तर मुलीला त्रास देतील का?

— एक वडील, मालाड

दादा, फी भरू नका, आणि मागणी लेखी द्या असं शाळेला नम्रपणे सांगा. तोंडी मागणाऱ्या शाळा सहसा लेखी देत नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात, आणि त्यातून आलेल्या तुमच्या मुलीचं आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे. तिच्यापोटी शाळेला प्रतिपूर्ती द्यायची ती राज्य सरकारने. सरकारी शाळेतल्या एका मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम. महाराष्ट्रात हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये धरला जात आला आहे. ही रक्कम वेळेवर येत नाही, हे शाळांचं म्हणणं खोटं नाही. लहान शाळांची त्यात खरोखर ओढाताण होते, आणि सरकारने कायदा करून पैसे न देणं मला लाजिरवाणं वाटतं. पण ती थकबाकी शाळा आणि सरकार यांच्यातली आहे. ती सात वर्षांच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकातून वसूल करायची नसते.

निकाल अडवणं, वर्गात वेगळं बसवणं, नाव कमी करण्याची धमकी देणं यांतलं काहीही घडलं तर तारीखवार लिहून ठेवा. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत नाव काढता येत नाही, कलम १६. शाळा राज्य मंडळाची असेल तर महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. सीबीएसई, आयसीएसई असेल तर चर्नी रोडला जवाहर बालभवनात शिक्षण उपसंचालकांचं कार्यालय आहे तिथे. चुकीच्या दारात गेलात तर कागद इकडून तिकडे फिरतो आणि वर्ष निघून जातं.

एकटे जाऊ नका. त्याच शाळेत लॉटरीने आलेली आणखी मुलं असतीलच. पाच पालकांच्या सह्यांचा अर्ज असला की कुणा एकाच्या मुलीवर राग निघत नाही. पालक उभे राहिले की काय होतं ते २०२४ साली दिसलंच. फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळांना या पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. मुंबईत असा एक किलोमीटर काढून बघा, बहुतेक ठिकाणी पालिकेची शाळा सापडेल. म्हणजे हा दरवाजा जवळजवळ बंदच झाला असता. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या, मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुलैमध्ये तो बदल रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तुमच्यासारख्यांच्या मुलींची जागा त्यामुळे टिकली.

प्रिय बाई,

मी घाटकोपरच्या पालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. सभेला बोलावतात, चहा देतात, रजिस्टरवर सही घेतात. मुलींच्या संडासाचं दार तुटलंय, त्याबद्दल विचारलं तर ‘फंड नाही’ म्हणतात. एवढी मोठी महापालिका आणि फंड कसा नाही?

— समिती सदस्य, घाटकोपर

तुमचा प्रश्न बरोबर आहे. पालिकेचा शिक्षणासाठी वेगळा अर्थसंकल्प असतो, ‘अर्थसंकल्प ई’. २०२५-२६ साली तो सुमारे ३,९५५ कोटी रुपयांचा होता. त्यातून पगार, इमारती, मुलांना मोफत मिळणाऱ्या वह्या-बूट-दप्तरासारख्या सत्तावीस वस्तू, सगळं येतं. इमारतींची मोठी दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या हातात नसते, ती शाळा पायाभूत सुविधा कक्षाकडे जाते. तेव्हा तुमच्या मुख्याध्यापकांवर लगेच संशय घेऊ नका. पण एका दारासाठी त्या कक्षाची वाट बघायचं कारण नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान अशाच कामांसाठी आहे: १०१ ते २५० मुलं असतील तर वर्षाला ५० हजार, २५१ ते १,००० असतील तर ७५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हे अनुदान कसं खर्च झालं हे पाहणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने तुमच्या समितीचं काम ठरवलं आहे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असं तिथेच लिहिलं आहे. मुलींच्या संडासाच्या दारावर सभेत बोलायला बायकाच हव्यात.

पुढच्या सभेची नोटीस आली की उलट पत्र द्या आणि दोन विषय विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा: चालू वर्षी अनुदान किती आलं आणि कशावर गेलं, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती. सभेत चर्चा झाल्यावर ठराव रजिस्टरमध्ये लिहून होईपर्यंत उठू नका. काय ठरलं, किती खर्च, कुणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहिलेलं वाचा आणि मग खाली सही करा. ओळी कोऱ्या असतील तर सही करू नका. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात तो उघडून विचारता येईल.