राजासमोर गुडघे टेकून माळी अननस देतोय, ते चित्र कोणतं? एका फळाचा एवढा थाट का?

ते इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचं चित्र, साधारण 1675-80 मधलं, ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातलं. पूर्वी ते हेंड्रिक डँकर्ट्स या डच चित्रकाराचं मानत. आता तसं खात्रीने म्हणत नाहीत. माळी म्हणजे शाही बागेचा जॉन रोझ, अशी जुनी समजूत. इंग्लंडमध्ये पिकलेला हा पहिला अननस, असं सर्रास सांगतात, पण त्यावर फार विसंबू नका. फळ बार्बाडोसहून, म्हणजे कॅरिबियनमधल्या इंग्रज वसाहतीतून, आलेलं असण्याची शक्यता जास्त.

थाटाचं कारण तेच. अटलांटिकच्या प्रवासात बहुतेक फळं सडायची. शाबूत पोचलेला अननस म्हणजे जहाजं, वसाहती आणि उसाच्या मळ्यांवर गुलामांकडून करून घेतलेली मजुरी, या सगळ्यांवरच्या सत्तेचा पुरावा. चित्रात मात्र यातलं काहीच नाही. नीटनेटकी बाग, घर आणि राजाजवळची स्पॅनियल कुत्री, बस्स! मला तरी चित्रातली ही गैरहजेरीच जास्त बोलकी वाटते.

गंमत म्हणजे 1668 मध्ये याच राजाने स्वतःच्या ताटातली अननसाची फोड जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाला दिली, आणि त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं की ऐकलं होतं तेवढं काही हे चवदार नाही.

आपल्याकडे हे फळ पोर्तुगीजांनी आणलं. ‘अननस’ हा शब्दही दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे मराठीत आला. जहांगीरनेही आठवणींत आग्र्याच्या बागेतल्या अननसांचा उल्लेख केलाय. इंग्रजांनी मात्र ‘पाइनॲपल’ म्हणजे पाइनचं बोंड हेच नाव धरून ठेवलं.