तिसरा डोस आणि मावशींची सुई

प्रश्न : मी परिचारिका आहे. शिकत असताना हेपॅटायटिस बीच्या (रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या) लसीचे दोन डोस घेतले. तिसरा परीक्षेच्या गडबडीत राहिला, त्याला आता चार वर्षं झाली. एक सहकारी म्हणते, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. दुसरी म्हणते, दोन झालेत ना, पुरे. शिवाय परवा आमच्या वॉर्डातल्या मावशींना कचऱ्याची पिशवी उचलताना सुई टोचली. त्यांनी लस कधीच घेतलेली नाही. बोट पिळून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं आणि लागल्या कामाला. "ताई, कुणाला सांगू नका," म्हणाल्या. काय करू?

उत्तर : आधी मावशींचं बघू. तुमचं चार दिवस थांबेल, त्यांचं नाही. (पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर कळवलं होतं, इथे लिहितेय ते बाकीच्या मावशींसाठी.)

बोट पिळून किंवा स्पिरिट ओतून काही साधत नाही, आग मात्र होते. साबण आणि वाहतं पाणी, बस. मग लगेच नोंद करायची, कारण पुढचं सगळं घड्याळावर चालतं. पिशवीतली सुई कुणाची, हे बहुधा कळत नाही. तरी लसीचा पहिला डोस त्याच दिवशी द्यायचा. ज्याची सुई तो रुग्ण हेपॅटायटिस बीने बाधित असल्याचं ठाऊक असेल, तर लसीच्या जोडीला दुसऱ्या दंडात इम्युनोग्लोब्युलिन (या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), शक्यतो २४ तासांत. ७ दिवस उलटल्यावर त्याचा उपयोग होतो असं म्हणता येत नाही. एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्यांचा निर्णयही त्याच भेटीत व्हावा. तिथे मर्यादा ७२ तासांची.

सुई टोचली की सगळ्यांना धडकी भरते ती एचआयव्हीची. बाधित रक्ताच्या सुईतून त्याची लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता मात्र ६ ते ३० टक्के! वाळून गेलेल्या रक्तातही हा विषाणू निदान ७ दिवस टिकतो, म्हणजे मावशींच्या पिशवीत, फडक्यात, ट्रॉलीच्या कडेवर. लसीच्या यादीत डॉक्टर आणि सिस्टर असतात, पिशव्या उचलणाऱ्या नसतात, याची मला अजूनही चीड येते.

आता तुमचं. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही आणि दोनही पुरे नाहीत. राहिलेला तिसरा डोस आता घ्या. आधीचे दोन वाया गेलेले नाहीत. त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करा, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ते मोजणारी तपासणी. हा आकडा १० किंवा त्याहून जास्त आला पाहिजे. एकदा तो आला की पुढे वर्षांनुवर्षांत खाली उतरला तरी निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही, शरीराला ओळख राहते.

टायटरवर माझा एवढा जोर का, ते सांगते. इंटर्न असताना वापरलेल्या सुईला टोपण लावताना माझ्या बोटात ती गेली. मीही कुणाला सांगितलं नाही. हा आजार उगवायला दोन ते पाच महिने लागतात, तेवढे दिवस मी रोज सकाळी आरशासमोर पापणी खाली ओढून डोळे पिवळे झालेत का ते बघत होते. निभावलं. मग शहाणी होऊन तिन्ही डोस वेळेवर घेतले आणि मिरवतही होते. आमच्या पॅथॉलॉजीच्या बाईंनी विचारलं, "टायटर?" केलं, तर ४! लस दिली होती कुठे, तर कुल्ल्यात. तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही, मोठ्या माणसाला दंडातच द्यावी लागते. पुन्हा तिन्ही डोस दंडात घेतले, तेव्हा कुठे आकडा दोनशेच्या वर गेला. सहा डोसांनंतरही काही थोड्यांचा टायटर चढत नाही. तेव्हा आधीच लागण झालेली नाही ना, हे तपासतात आणि नसेल तर अशा माणसाने सुई टोचली की इम्युनोग्लोब्युलिनला उशीर करायचा नाही.

मावशींना एवढं सांगा, की एका ताटात जेवल्याने किंवा नातवंडाला कडेवर घेतल्याने हे पसरत नाही. रक्ताच्या तपासण्या पुऱ्या होईपर्यंत ब्लेड आणि ब्रश वेगळा ठेवावा, रक्तदान करू नये, नवऱ्याशी संबंध ठेवताना निरोध वापरावा. रक्त आता एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसाच्या तारखा तुमच्याच मोबाइलमध्ये लावून ठेवा. सहाव्या महिन्यातला डोस कसा राहून जातो, ते तुम्हाला मी काय सांगणार!