नाशिकची वाइन परदेशी वाइनच्या तोडीची असते का? वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइन चाखून पारख कशी करायची?

पहिल्या प्रश्नाला मी असं विचारीन: नाशिकची कुठली, आणि परदेशाची म्हणजे कुठल्या गावची? द्राक्ष कोणतं, किंमत किती? 'परदेशी' नावाची कुठलीही वाइन जगात बनत नाही. तुम्ही खुलाशात लिहिलंय, 'मित्र म्हणतात नाशिकची वाइन गोडसर असते, खरी वाइन ड्राय, म्हणजे गोड न लागणारी, असते.' हे वाक्य मी आमच्याच घरात, आमच्याच मळ्यात इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लांबणार आहे. वेळ असेल तरच वाचा.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. निम्मी थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, निम्मी शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढऱ्या वाइनची, ती वाइनरीशी करार करून लावलेली. २००८-०९ च्या मंदीनंतर वाइनचा उठाव बसला, तेव्हा आजूबाजूच्या कितीतरी जणांनी वाइनची झाडं उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठेवली. भावकीत लोक म्हणायचे, बारीक मणी, आत बी, ना निर्यातीला ना बाजाराला, कशाला सांभाळता? नाना ऐकून घ्यायचे आणि गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, तयारीला लागायचे. त्यामुळे त्या द्राक्षाच्या वाइनला कुणी न चाखता नावं ठेवली की मला लागतं. लागायलाच हवं.

नावं ठेवणारे आमचे दाजी. ताईचे यजमान, पुण्यात आयटीत, मधे काही वर्षं कंपनीच्या कामाने फ्रान्सला होते. माणूस सोन्यासारखा, पण ग्लास नाकाशी नेतात, 'हं, नाशिक' म्हणतात आणि खाली ठेवतात. एका डिसेंबरात सगळे मळ्यात जमले होते. दाजींनी विमानतळावरून व्हूव्रेची बाटली आणली होती. व्हूव्रे म्हणजे फ्रान्सच्या लुआर नदीकाठची वाइन, आणि ती शेनिन ब्लाँचीच, म्हणजे आमच्याच वाणाची. मी म्हटलं, "दाजी, आज सोक्षमोक्ष लावू. चारही शेनिन घेऊ, लेबल कुणी बघायचं नाही." माझ्याकडे दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशची एक होती आणि नाशिकच्या दोन, एक स्टीलच्या टाकीतली साधी, दुसरी ओकच्या पिंपात ठेवलेली ड्राय. चारही बाटल्या एकाच फ्रीजमध्ये, एकाच वेळी काढलेल्या. ताईने स्वयंपाकघरात उघडून ग्लासात ओतल्या आणि ग्लासांना पट्ट्या लावल्या: क, ख, ग, घ. नियम एकच, आधी कागदावर लिहायचं, मग तोंड उघडायचं.

दाजींनी 'क' ला पहिला नंबर दिला आणि पुढे लिहिलं 'फ्रान्स, नक्की'. दुसरा 'घ'. 'ग' तिसरा, त्यापुढे लिहिलं, 'नाशिक. साखर बघा.' 'ख' शेवटचा. माझा पहिला 'ग' होता, शेवटचा 'ख'.

नाना पीत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यांनी प्रत्येक ग्लासातला अर्धा घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बाहेर अंगणात जाऊन थुंकला. 'ग' पाशी परत आले, पुन्हा घोट घेतला आणि म्हणाले, "साखर आहे, पण खाली आंबट केवढं आहे बघा. आपल्याकडे फेब्रुवारीत बाग खाली करताना एवढं आंबट उरत नाही. हा माल थंडीतल्या मुलखातला आहे."

'ग' व्हूव्रे होती. दाजींचीच बाटली. 'क' आफ्रिकेची, 'घ' नाशिकची ओकवाली, 'ख' नाशिकची साधी.

आता यात काय झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. व्हूव्रे ड्रायही असते, निमगोडही असते आणि चांगली गोडही असते. किती गोड ते लेबलवर लिहिलेलं असेलच असं नाही. दाजींच्या हाती निमगोड आली. गोडी लागली की नाशिक, हे त्यांच्या डोक्यात आधीच पक्कं होतं, म्हणून गोडीखालचं आंबट त्यांना दिसलंच नाही. नानांच्या डोक्यात फ्रान्स नव्हता, नाशिकही नव्हतं. त्यांनी तोंडात आलं ते मोजलं.

ते मोजू शकले कारण बागेत तेच करतात. वाइनरीचा माणूस साखर मोजायचं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, घेऊन येतो, मण्याचा रस काचेवर पिळतो, २२ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) म्हणतो आणि निघतो. नाना मणी तोंडात टाकतात, गर गिळतात, साल दाढेखाली चावत राहतात, बी तळहातावर काढून बघतात. बी हिरवट असलं की अजून थांबायचं, तपकिरी होऊन दाताखाली कडकन फुटलं की तयार. साखर वाढली म्हणजे द्राक्ष पिकलं असं नाही. साल आणि बी मागे राहतं, विशेषतः आपल्याकडे.

आपल्याकडे का? युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो, आणि द्राक्ष पिकतं तेव्हा दिवस थंड होत चाललेले असतात. नाशिक २० अंश अक्षांशावर. इथे वेल झोपतच नाही, आपण त्याला छाटणीने चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये तयार. म्हणजे आपलं द्राक्ष थंडीतून उन्हाकडे जाताना पिकतं. फेब्रुवारीच्या शेवटी दुपार तापायला लागली की आम्ल भराभर उतरतं आणि साखर चढते. आठ दिवस उशीर झाला की वाइन बेचव, आठ दिवस घाई झाली की कच्ची. म्हणून खुडणी पहाटे, थंड मालाची. शेनिन मुळातच आंबट धरून ठेवणारा वाण, म्हणून तो इथे तगला. १९९७ मध्ये गंगापूरकडे सुला वाइनरीच्या राजीव सामंतांनी वेल लावले तेव्हा शेनिन आणि सोविन्यॉ ब्लाँ, हे पांढऱ्या वाइनचे दोन वाण निवडले, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आणि इथल्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवतात. आपल्याकडे लोक वाइनकडे नव्याने वळत होते आणि त्यांना ते आवडलं. याला दोष म्हणायचा तर व्हूव्रेलाही म्हणा.

आता चाखायचं कसं. घोट, वास, रंग हे तुम्ही कुठेही वाचाल. मी फक्त लोक जिथे चुकतात तेवढं सांगतो.

एका वेळी एकच द्राक्ष घ्या. नाशिकची शेनिन आणि फ्रान्सच्या बोर्डोची लाल शेजारी ठेवून 'कुठली भारी' विचारणं म्हणजे वेळ घालवणं. सोविन्यॉ ब्लाँ घ्यायची तर नाशिकची, न्यूझीलंडच्या मार्लबरोची आणि लुआरच्या सॉन्सेरची. लाल वाइनपैकी शिराझ घ्यायची तर नाशिकची, ऑस्ट्रेलियाच्या बरोसाची, आणि जमली तर फ्रान्सच्या उत्तर ऱ्होनची, तिथे तिला सिरा म्हणतात. द्राक्ष एकच ठेवलं की जे वेगळं लागतं ते माती, हवा आणि बनवणाऱ्याचं. उत्तर ऱ्होनच्या सिरात मिरीचा वास येतो, तो कुणी कल्पनेने लावलेला नाही. रोटुंडोन नावाचं तेच रसायन काळ्या मिरीतही असतं. सोविन्यॉ ब्लाँमधला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास पायराझिन नावाच्या रसायनामुळे येतो.

सकाळी ११ च्या सुमारास बसा, जेवणाआधी. मिसळ खाऊन बसू नका. तिखटाने जीभ पेटलेली असली की दारूचा जाळ आणि सालीचा तुरटपणा दोन्ही वाढून लागतात आणि बिचारी वाइन बदनाम होते. उदबत्ती विझवा, अत्तर लावू नका, ग्लास साबणाच्या वासाचे नसावेत. सोबत साधा ब्रेड आणि पाणी. थुंकायला बादली ठेवा आणि लाजू नका, सगळे तज्ज्ञ थुंकतात. न थुंकता चौथ्या वाइनला नंबर देणारा माणूस तिसऱ्या वाइनलाच संपलेला असतो.

आंबट जिभेवर शोधू नका. घोट गेल्यावर जबड्याच्या कडेने लाळ किती सुटते ते बघा. तुरट हिरड्यांवर कळतं, जांभूळ खाल्ल्यावर ओढतं तिथेच. गोडीबद्दल शंका आली तर नाक दाबून घोट घ्या. पिकलेल्या पेरूचा वास आला की मेंदू गोड म्हणतो, जीभ म्हणेलच असं नाही. युरोपीय नियमाने लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ड्राय, आणि आंबट जास्त असेल तर ९ पर्यंतही चालते. तेव्हा 'ड्राय म्हणजे खरी' म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांना हे जरूर दाखवा. शेवटी घोट संपल्यावर चव किती वेळ टिकते ते मोजा. माझ्या मते दर्जाची सगळ्यात प्रामाणिक खूण तीच. ग्लासच्या कडेने ओघळणाऱ्या रेषा बघून दर्जा सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, त्या मुख्यतः अल्कोहोलच्या असतात.

आणि लेबल झाका. हे सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डोत वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. तो अभ्यास २००१ मध्ये छापून आला. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना झाकून चाखायला लावलं, तेव्हा पांढऱ्यात आणि लालमध्ये दोन्हीकडे कॅलिफोर्नियाची पहिली आली. त्या टेबलावर फ्रान्सचे नामवंत बसले होते. दाजींनी त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं.

पण वाटलं. कागद उघडल्यावर म्हणाले, "बाटली प्रवासात खराब झाली असेल." खराब झाली असती तर मी पहिला नंबर कसा दिला? मग म्हणाले, "एका बाटलीवरून काही ठरत नाही रे." हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की मग एका घोटावरून 'हं, नाशिक' हेही ठरत नाही. ताई म्हणाली, "आता जेवायला बसा." ते तिथेच राहिलं.

काही गोष्टी दाजींच्या बाजूनेही लिहितो. 'ख', म्हणजे आमची साधी शेनिन, माझ्याही कागदावर शेवटची होती. आणि लाल वाइनमध्ये आपण अजून मागे आहोत. शिराझ चांगल्या बनतात, पण इथल्या बऱ्याच कॅबरने सोविन्यॉमध्ये (हाही लाल वाइनचा वाण) मला एकाच घोटात जास्त पिकलेलं फळ आणि कच्चा हिरवा तुरटपणा दोन्ही लागतं. कारण वर सांगितलं तेच, साखर पुढे पळते आणि बी मागे राहतं. झाडं जुनी होतील तसं सुधारेल असं मला वाटतं, पण आज ते तसं आहे.

किमतीचंही बघा. बाहेरच्या वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं. इथे तीन हजारांना मिळणारी फ्रेंच बाटली तिच्या गावात मधल्या दर्जाची असू शकते. दुकानही बघून घ्या. मे महिन्यात एसी नसलेल्या फळीवर उभी राहिलेली बाटली नाशिकची असो की फ्रान्सची, आतून शिजलेली असते. उकडलेल्या फळासारखा वास आला तर दोष दुकानदाराचा, बागेचा नाही.

आणि आमचा माल याच धंद्यात जातो, तेव्हा मी त्रयस्थ नाही, हेही लक्षात ठेवून वाचा. म्हणूनच सांगतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तीन बाटल्या आणा आणि झाका.

दाजी, ताईने तुम्हाला ही लिंक पाठवली असेलच. फेब्रुवारीत खुडणी आहे, तेव्हा या. या वेळी शिराझ घेऊ, बाटल्या चारही तुम्हीच निवडा. ओतायला ताई आहेच.