चुलतभावाचे 93 आणि आपले 78

दहावीचे निकाल लागले की साताऱ्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक दरवर्षी तेच विचारतात. भावाचं मूल नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, आपलं गावच्या अनुदानित हायस्कूलला. दोन्ही शाळा सरकारी पैशावर चालतात, मग आपल्याच मुलाचे गुण कमी कसे? आपण त्याचं नुकसान केलं का?

खटाव तालुक्यातलं एक कुटुंब असंच आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलीला 78 टक्के. खावलीच्या नवोदयमधल्या चुलतभावाला 93. त्याच्या सत्काराला ती गेली नाही, अकरावीचा फॉर्म भरायचं नाव काढत नव्हती.

"मॅडम, पोरीचं वाटोळं मीच केलं," वडील म्हणाले. "पाचवीत क्लास लावला असता तर हीपण नवोदयला लागली असती. त्या शाळंचा निकाल बघा आन् आमच्या शाळंचा बघा."

मुलगी खाली मान घालून बसली होती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा विश्वास आहे. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिला आपण चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो. 78 हा एक आकडा होता. 'वाटोळं' हा अर्थ या घरानं त्याला लावला होता. पण असा अर्थ समोरच्याच्या हातातून हिसकावून घेता येत नाही. म्हणून पहिल्या काही भेटींत मी त्यांना बोलू दिलं, त्यांच्याशी वाद घातला नाही. मग एकदा घरातली जुनी प्रगतिपुस्तकं मागवली.

"आठवीच्या पहिल्या सत्रात गणितात किती होते गं?"

"31."

"आणि दहावीला?"

"74."

वडिलांनी प्रगतिपुस्तक हातात घेतलं. "हे मधी कसं काय झालं?"

मग ती बोलायला लागली. सर शाळेआधी तासभर बोलवायचे, भागाकारापासून पुन्हा शिकवलं, नंतर तिलाच फळ्यापाशी उभं करून दुसऱ्यांना समजावायला लावलं. आणि मग ती म्हणाली, "पप्पा, माझ्या बाकावरची पोरगी नववीतच शाळा सोडणार होती. घरचे म्हणत होते, बाहेरून 17 नंबरचा फॉर्म भरू. सर तिच्या घरी गेले, तिला परत आणली. 46 टक्क्यांनी पास झाली ती. आमच्या वर्गातली दोघं मात्र नापास झाली. त्यांनापण सरांनी सोडलं नव्हतं."

वडील बराच वेळ प्रगतिपुस्तकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे शाळंचा निकाल खाली आला तो सगळ्यांना बसवलं म्हणून."

त्या भेटीत मी जवळजवळ काहीच बोलले नाही. हा निष्कर्ष मी सांगितला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरले असते. योग्य प्रश्न विचारून गप्प राहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते त्या दिवशी साधलं याचा मला आनंद आहे.

आता पालकांशी थोडं स्पष्ट बोलते. नवोदयमध्ये सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, तीही अख्ख्या जिल्ह्यातून परीक्षा घेऊन. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथेच. गावचं हायस्कूल दारात येईल त्याला घेतं. चाळून घेतलेल्या धान्याची तुलना खळ्यावरच्या राशीशी करू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली ठेवलं. सगळ्यांना घेणारी शाळा हा या जिल्ह्याचा अभिमान आहे, आणि त्या शाळेचं काम टक्केवारीत अर्धंच दिसतं.

शिवाय मंडळंही वेगळी. नवोदय सीबीएसईची. राज्य मंडळात सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरतात, चित्रकला आणि खेळाचे सवलतीचे गुणही मिळू शकतात. पेपर वेगळे, तपासणी वेगळी. असे दोन आकडे शेजारी ठेवून दोन मुलांची हुशारी ठरत नाही.

शाळा पारखायचीच असेल तर मुख्याध्यापकांना विचारा: आठवीत पट किती होता, त्यातले दहावीला किती बसले? काठावरच्या मुलांसाठी कोण थांबतं? शंभर टक्के निकालाच्या फलकापुढे उभं राहून हे नक्की विचारा, कारण कच्ची मुलं आधीच बाहेर काढून निकाल राखणाऱ्या शाळाही असतात. आणि मुलाची तुलना करायची तर त्याच्या स्वतःच्या दोन वर्षांपूर्वीच्या गुणांशी करा, पाहुण्यांसमोर कधीच नको.

त्या मुलीनं अकरावीचा फॉर्म भरला, विज्ञान शाखेचा. धाकटा भाऊ आता पाचवीत आहे. त्याला नवोदयला बसवू का, असं वडिलांनी शेवटच्या भेटीत विचारलं. मी म्हटलं, "जरूर बसवा दादा. फक्त नंबर लागला नाही तर काय करायचं, ते त्याच्याशी आजच बोलून ठेवा."