भाचीच्या वाढदिवसाला, ताईला न सांगता, हस्कीचं पिल्लू लातूरला नेऊन देऊ का?

न सांगता तर अजिबात नको. भाची चार दिवस खेळेल, पाचव्या दिवसापासून शी-शू काढणं ताईच्याच गळ्यात. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. आज आठवीतली पोरगी तोवर नोकरीला लागलेली असेल. आधी ताई-दाजींना स्पष्ट विचारा. घर भाड्याचं असेल तर मालकालाही. आणि दिवाळीत सगळे गावी गेल्यावर त्याला कोण बघणार?

हस्की मात्र डोक्यातून काढाच. बर्फातला, दुहेरी केसांचा कुत्रा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कूलरसमोर धापा टाकत बसलेलं ते जनावर बघवत नाही हो. त्यापेक्षा गल्लीतलं गावठी पिल्लू बरं. कारवान तर लातूर भागातलाच, पण तो धावणारा शिकारी कुत्रा, फ्लॅटमध्ये कोंडू नका.

ते हो म्हणाले, तर पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेलं घ्या. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची तीन महिन्यांच्या आसपास. हा लसींचा खर्च तुम्ही उचललात तर तीच खरी भेट. नाही म्हणाले, तर भाचीला सायकल घ्या.