पावतीची मागची बाजू

पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी दुकानातून नवा स्टोकर स्टोव्ह घेतला. अँथ्रासाइट कोळशाचा, हॉपरमधून (कोळसा भरायच्या टाकीतून) आपोआप कोळसा पुढे सरकवणारा. दुसऱ्या हिवाळ्यापासून तो पहाटे विझतो. सकाळी उठावं तर हॉपर भरलेला आणि घर गारठलेलं. दुकानदाराला ‘कितीतरी वेळा’ फोन केले. त्याचं उत्तर ठरलेलं: तुमचा कोळसा ओला, चुरा जास्त, साफसफाई नाही. पैसे परत मिळतील का, असं वाचक विचारतात.

स्टोव्हच्या जागी गाडी किंवा डिशवॉशर घाला, अशी पत्रं वर्षभर येत असतात. म्हणून वॉरंटी म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही. तुम्ही पावतीच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवलात. मागे बारीक अक्षरांत छापलंय, ते फोटोतही आरपार दिसतंय. ती बाजू पाठवली नाहीत, बहुधा वाचलीही नाहीत. तुमचं सगळं प्रकरण तिथे अडलंय.

पेनसिल्व्हेनियात विकत घेतलेल्या मालाबद्दलचा दावा चार वर्षांत लावावा लागतो, आणि ती चार वर्षं माल ताब्यात मिळाल्या दिवसापासून मोजतात. दोष कधी लक्षात आला, याला एरवी किंमत नाही. त्याहून वाईट म्हणजे मूळ करारातच ही मुदत एका वर्षापर्यंत कमी करता येते; वाढवता मात्र येत नाही. मागच्या बाजूला ‘दावा एक वर्षाच्या आत’ असं काही असेल, तर बहुतेक दार बंद झालं. नसेल, तर ज्या तारखेला डिलिव्हरी झाली, तीच नोव्हेंबर 2026 मधली तारीख ही तुमची शेवटची तारीख. दुकानदाराचा माणूस अधूनमधून येऊन खटपट करून गेला म्हणून घड्याळ थांबलं, असं धरून चालू नका.

एक फट आहे. वॉरंटी पुढच्या काळातल्या कामगिरीची स्पष्ट हमी देत असेल, तर मुदत दोष कळल्यापासून (किंवा कळायला हवा होता तेव्हापासून) धरतात. 1993 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जनरल मोटर्सच्या खटल्यात 12 महिने किंवा 12,000 मैलांच्या दुरुस्तीच्या वॉरंटीला हा फायदा दिला. न लिहिलेल्या, कायद्याने गृहीत धरलेल्या हमीला मात्र दिला नाही. तेव्हा तुमच्या स्टोव्हबरोबर आलेलं वॉरंटी कार्ड शोधा. त्यात ‘जाणकार कारागिरानेच बसवलेला असावा’ अशी अट असू शकते, आणि तुम्ही लिहिलंय की स्टोव्ह मित्राच्या मदतीने बसवला. ते कितपत अंगाशी येईल, हे कार्ड पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता फोन. दोष कळल्यावर वाजवी वेळेत विक्रेत्याला कळवलं नाही, तर कायदा कसलीच भरपाई देत नाही. तोंडी कळवलेलं चालूही शकतं, पण सिद्ध कसं करणार? दुकानदार म्हणेल, एकदाच फोन आला होता, तोही राख कुठे टाकायची ते विचारायला. एवढे हिवाळे गेले आणि साधी एक ईमेल नाही, याला काय म्हणावं! आजच सर्टिफाइड मेलने (पाठवल्याची नोंद राहणाऱ्या टपालाने) पत्र पाठवा, आणि फोन कंपनीकडून जुन्या कॉलची यादी मागवा.

पत्र गेल्यावर लगेच फीडर (कोळसा पुढे ढकलणारा भाग) साफ करायला बसू नका, पुरावा पुसला जाईल. ढकलणाऱ्या पट्टीखाली साचलेला चुरा आणि जाळीची राखेने बुजलेली भोकं, या दोन गोष्टी दुकानदाराला हव्याच आहेत, कारण त्या ‘देखभाली’त मोडतात. मोटर फिरतेय आणि पट्टी जागची हलत नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. थर्मोस्टॅट उष्णता मागतोय आणि कोळसा सरकत नाही, असा सलग व्हिडिओ घ्या. बाहेरच्या तंत्रज्ञाला दाखवा आणि त्याचं मत लेखी, सहीनिशी घ्या. त्याच खेपेतली राइस कोलची (स्टोकरच्या बारीक तुकड्यांच्या कोळशाची) एक न फोडलेली गोणी बाजूला ठेवा. ओल्या कोळशाच्या आरोपाला ते उत्तर होऊ शकेल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एकदा जरी वाजला असेल, तर पुराव्याचं नंतर बघू, स्टोव्ह आधी बंद करा.

ग्राहक संरक्षणाच्या राज्य कायद्याखाली सहा वर्षं मिळतात, पण तिथे दुकानदाराने फसवं काही सांगितलं आणि तुम्ही त्यावर विसंबलात, हे दाखवावं लागेल. दुकानदाराचं ‘हात लावायची गरज नाही’ एवढं बोलणं पुरेल का, मला शंका आहे.

रक्कम 12,000 डॉलरच्या आत असेल तर मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजकडे, म्हणजे छोटे दावे ऐकणाऱ्या स्थानिक न्यायाधीशाकडे, जा. नियमाप्रमाणे तिथे तक्रार दाखल झाल्यापासून 60 दिवसांच्या आतली तारीख मिळते. हरलेला पक्ष 30 दिवसांत अपील करू शकतो आणि मग कॉमन प्लीज कोर्टात (काउंटीच्या वरच्या कोर्टात) सगळं पुन्हा पहिल्यापासून, तिथल्या संथ चालीने. तोवर नवा स्टोव्ह घेतलात तरी जुना भंगारात देऊ नका. फीडरसकट गॅरेजमध्ये राहू द्या.