माईक एक की दोन, ते आधी ठरवा

वडील पेटीवर भजन म्हणतात, ते घरीच नीट रेकॉर्ड करायचंय, इंटरफेस (माईकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा डबा) आणि माईक सगळं धरून पंधरा हजार आहेत, तर स्कारलेट सोलो हा इंटरफेस घेऊ का, असं विचारलंय तुम्ही.

सोलो वस्तू चांगलीच आहे दादा, पण तुमच्या कामाची नाही. त्याला माईकची जागा एकच. शेजारी दुसरं भोक दिसतं ते गिटार नाहीतर कीबोर्डसाठी. मी पहिल्यांदा असलाच एक डबा घेतला होता, दुकानदार म्हणाला दोन इनपुट आहेत की, मीपण मान डोलावली आणि घरी येऊन पेटीचा माईक लावायला गेलो तर वायरीची पिनच बसेना. मग वर्षभर मामांचा गळा आणि पेटी एकाच माईकवर, पेटी जरा कमी करावी तर गळा पण त्याच्यासोबत खाली. दोस्त हसायचा, काय बे, पैसे देऊन डोकेदुखी आणलास म्हणून.

म्हणून दोन माईक लागतील असाच घ्या. बेहरिंगरचा यूएमसी २०२ एचडी बघा, दोन माईक लागतात, ४८ व्होल्ट फँटम पॉवर (कंडेन्सर माईकला वायरीतूनच मिळणारी वीज) आहे, विंडोजसाठी स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे डबा चालवणारं सॉफ्टवेअर, आहे. त्यांचाच यूएम टू अजून स्वस्त पडतो पण त्याला माईक एकच, आणि ड्रायव्हरसाठी एसिओफोरऑल नावाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकत बसावं लागतं. स्कारलेटचाच दोन माईकवाला टू आय टू परवडला तर उत्तमच, पण मग माईकला काय उरणार? प्रीॲम्प (माईकचा बारीक आवाज वाढवणारा आतला भाग) कुणाचा गोड यावरून लोक व्हिडिओत तासतासभर भांडतात, भजनात ते कुणाला कळत नाही, पंखा मात्र लगेच कळतो.

आता खरा विषय खोलीचा. आमचं घर सोलापुरात अशोक चौकाकडं, मागच्या बाजूला पॉवरलूम. हौसेनं कंडेन्सर माईक आणला, मामांनी अभंग लावला, हेडफोन घातला तर मागं एका लयीत खटक खटक, जणू टाळकरी बसवलाय. कंडेन्सर लांबचं पण टिपतो, त्यामुळं अशा घरात साधा डायनॅमिक माईक घ्या आणि तोंडापासून वीतभर अंतरावर लावा. त्याचा आवाज कमी येतो, गेन (इंटरफेसवरचं माईकचा आवाज वाढवायचं बटण) बराच वर न्यावा लागतो, दचकू नका. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग चोवीस बिटवर ठेवा आणि सगळ्यात मोठा सूर उणे १२ डीबीच्या आसपास आला की पुरे, तांबडा दिवा लागेपर्यंत रेटायचं नाही.

चादरी तर घरात असतीलच, सोलापुरात राहतो आपण. वडलांच्या पाठीमागं दोरी बांधून जाड चादरी दुमडून टांगा, भिंतीपासून वीतभर पुढं. बाहेरचा लूम त्यानं थांबत नाही हां, फक्त खोलीचा घुमारा कमी होतो. लूमवर इलाज एकच, पहाटे उठायचं किंवा कारखान्याची सुट्टी गाठायची, आणि उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायचं असेल तर तसंही पहाटच बरी.

बारीक घूं ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, जुन्या घरात अर्थिंगची बोंब असते, बॅटरीवर बऱ्याचदा ती घूं गायब होते. आणि वडलांना स्वतःचा आवाज उशिरा येतोय असं वाटलं तर डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्याच ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येतं.

उरलेल्या पैशात दोन डायनॅमिक माईक, दोन एक्सएलआर केबल (माईकच्या तीन पिनांच्या वायरी), दोन स्टँड बसवा. पेटीचा माईक भात्यासमोर लावू नका, नुसती फसफस येते, पट्ट्यांच्या वरच्या बाजूनं लावा. वडील गाताना मान किती हलवतात तेवढं बघून सांगा, मामा समेवर आले की हमखास माईकला कपाळ आपटायचे.